पिल्लांसोबतच्या चिठ्ठ्या

२ सप्टेंबर, मंगळवार

आज मासे माझ्या खोलीत राहायला आले. दोन हात लांब काचेची टाकी, तिच्यातली झाडं, खडे, हवेची मोटर आणि तीस गप्पी मासे. मुलानं आणि सुनेनं मिळून टाकी उचलली. पाणी आधीच बादल्यांत काढलं होतं, तरी मुलगा कंबर धरून बसला. म्हटलं, चोळून देऊ का? तर म्हणाला, "नको आई, तू एवढे मासे सांभाळ, तेच खूप."

मासे खरे नातीचे. वाढदिवसाला हट्ट करून घेतले, तीन महिने कौतुक केलं, आता ढुंकून बघत नाही. तेरा वर्षांची झाली. सुनेनं कालच सांगितलं की टाकी हॉलमधून हलली नाही तर ती सगळं मोरीत ओतून मोकळी होईल. मी म्हटलं, मला द्या. सगळ्यांनी एकदम माझ्याकडे बघितलं. मार्चपासून या घरात आहे, पण सगळ्यांनी मिळून माझ्याकडे बघायची ही पहिलीच वेळ.

ही वहीसुद्धा नातीची. पुढची पानं गणितानं भरलीत, म्हणून मी मागून सुरू केली. ती म्हणाली, "आजी, रोज लिहायचं. किती खायला घातलं, पाणी कधी बदललं, पिल्लं किती झाली." मी तिसरी पास. चौथीत नाव घातलं आणि भाऊ जन्मला, त्याला कडेवर घेऊन मी घरी राहिले. त्यामुळे अक्षर वेडंवाकडं आणि शुद्धलेखन माझ्या मनाचं. पण आमचे हे शिंपी होते, गिऱ्हाइकांची मापं मीच लिहून घ्यायची. छाती, कंबर, बाही. चाळीस वर्षं नुसते आकडे लिहिले, आता वाक्यं लिहीन म्हणते.

हे मार्चमध्ये गेले. मुलगा म्हणाला, आई, थोडे दिवस आमच्याकडे चल. दुकान सोडलं, वरच्या दोन खोल्याही सोडल्या. थोडे दिवस म्हणजे किती, ते मी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. ही खोली नातीच्या अभ्यासाची होती. तिचं टेबल आता हॉलमध्ये आहे, आणि सून त्याला अडखळली की तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणते. मला इथंच राहायचंय. हे फक्त वहीत लिहिते, बोलणार कुणाला. भिंतीपलीकडून मुलाच्या खोकल्याचा आवाज येतो, तेवढ्यानंही मला झोप लागते.

५ सप्टेंबर, शुक्रवार

नातीनं शिकवलं ते असं. सकाळी एक चिमूट, संध्याकाळी एक चिमूट, दोन मिनिटांत संपेल एवढंच. दोन मिनिटांत माझा चहात बुडवलेला पावसुद्धा भिजत नाही. मी टाकीजवळ गेले की तीसच्या तीस काचेला येऊन चिकटतात, तोंडं उघडझाप करतात. कुणाचं काळीज आहे तिथून रिकाम्या हातानं परत फिरायचं? पहिल्या दिवशी चार वेळा घातलं. दुसऱ्या दिवशी पाणी तांदूळ धुतल्यासारखं झालं.

नात आली आणि डोक्याला हात लावला. "आजी, त्यांचं पोट त्यांच्या डोळ्याएवढं असतं. ते नेहमीच भुकेले दिसतात."

"तुझा बापही लहानपणी असाच दिसायचा," मी म्हटलं.

"म्हणून तो आता असा आहे," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी हसलो. पाणी बदलायला मदत केली पोरीनं. चौथा हिस्साच काढायचा, आणि नवीन पाणी आदल्या दिवशी भरून उघडं ठेवायचं, नळाचं थेट ओतलं तर मासे मरतात. स्पंजसुद्धा टाकीतल्याच पाण्यात पिळायचा. माझ्या बाळंतपणात एवढं कुणी केलं नव्हतं.

तिसांतले आठ मोठे आहेत, बाकीची बावीस पिल्लं. सगळ्यांत मोठी मादी आहे तिला मी ढब्बी म्हणते. रंग काही नाही, चुलीवरच्या भांड्यासारखी, पण टाकीत राज्य तिचं. एक नर आहे नारिंगी शेपटीचा, दिवसभर बायकांपुढे शेपूट फुलवत फिरतो, तो नवरदेव. दुसरा सगळ्यांना ढुशा मारत कामाला लावतो, तो मुकादम.

९ सप्टेंबर, मंगळवार

ढब्बी बाळंत झाली. हे मासे अंडी घालत नाहीत, जिवंत पिल्लं टाकतात, हे मला आजच कळलं. शेपटीजवळ काळा डाग दिसतो तो मोठा झाला की दिवस भरले. पापणीच्या केसाएवढं पिल्लू, त्याला दोन डोळे, आणि पडल्या पडल्या पोहायला लागतं.

आणि ढब्बीनं वळून ते खाल्लं.

मला वाटलं मला नीट दिसलं नाही. चष्मा पुसला. तेवढ्यात तिनं दुसरं खाल्लं. स्वतःच्या पोटातून आलेलं, परत पोटात. मी ओरडले तशी नात धावत आली. म्हणाली, "अगं, त्यांना कळत नाही आपलं कोण ते." चहाची गाळणी आणली आणि दोघींनी मिळून सव्वीस वाचवली. ती बरणीत ठेवलीत. ढब्बीकडे मी दिवसभर बघितलं नाही. संध्याकाळची चिमूट घातली, पण न बोलता.

सुनेनं बरणी बघितली. "आई, आधीची होती ना इतकी? आणखी कुठं ठेवणार? या घरात आहे का जागा?"

मी म्हटलं, "एवढीशी तर आहेत."

"एवढीशीच असतात सगळी आधी," ती म्हणाली.

१३ सप्टेंबर, शनिवार

मुलानं तोड काढली. बुद्धी त्याच्या वडिलांची. बिल्डिंगच्या तळमजल्यावर दाताचे डॉक्टर आहेत, त्यांच्या दवाखान्यात म्हणे मोठी थोरली टाकी आहे, पेशंट बसतात तिथं. मुलानं त्यांना विचारलं, ते लगेच हो म्हणाले. दर वेळची जास्तीची पिल्लं त्यांना द्यायची, म्हणजे टाकी माझ्या खोलीत राहील आणि सूनही काही बोलणार नाही.

मी जरा कुरकुरले. परक्याच्या घरी कशी राहतील म्हटलं. मुलगा पलंगावर माझ्याजवळ बसला आणि म्हणाला, "मोठी जागा आहे आई, मजेत राहतील. त्यांच्यासारखीच खूप असतात तिथं. आणि लांब कुठंय? हवं तेव्हा बघून यायचं." किती दिवसांनी जवळ बसला. त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवलेत.

आधीच्या पिल्लांतली दहा जाळीनं धरून पिशवीत घातली. सोबत चिठ्ठी लिहिली. दुकानात कपड्याला चिठ्ठी टोचायची सवय, ती जात नाही. "यातलं एक लाजरं आहे, शेपटीवर ठिपका. खाताना मागं राहतं. त्याला बाजूला घालावं." मुलानं चिठ्ठी वाचली आणि खिशात घातली.

"देशील ना?" म्हटलं.

"देतो गं," तो म्हणाला.

२० सप्टेंबर, शनिवार

उरलेली बारा पाठवली. चिठ्ठी: "मोटरीच्या बुडबुड्यांत खेळायला आवडतं. रागावू नये." मुलगा परत आला आणि म्हणाला, डॉक्टर फार खूष आहेत, विचारत होते पुढची कधी येतील. बघा, बावीस झाली तरी माणसाचं मन भरलं नाही. काहींना मुळातच लळा असतो.

एकच सांगितलं म्हणे त्यांनी, पिल्लं बारीक आहेत, जरा अंगानं भरली की पाठवा.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या हातची पोरं आणि बारीक? आयुष्यात माझ्या घरून कुणी उपाशी गेलं नाही. नातीला विचारून उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक सुरू केला. सुईच्या टोकावर मावेल एवढा, पाण्यात कालवून, दिवसातून तीनदा, आणि उरलेला लगेच काढून घ्यायचा. मोठ्यांना चुरा, लहानांना बलक. पाण्याचा वास येत नाही, लक्ष आहे माझं.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

सुनेचं मन बदललंय. हे लिहिताना मलाच खरं वाटत नाही. आज मला रिक्षानं डॉक्टरांकडे घेऊन गेली, आमच्या नेहमीच्या, दाताच्या नव्हे. रक्त तपासलं, डोळे तपासले, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत चालायला लावलं. डॉक्टरांनी विचारलं, स्वतःची आंघोळ स्वतः करता? हातानं जेवता? म्हटलं, डॉक्टर, मी अजून सुईत दोरा ओवते. ते हसले आणि एका छापील कागदावर सही केली. सुनेनं कागद जपून पर्समध्ये ठेवला. मग फोटोच्या दुकानात माझे चार फोटो काढले. केससुद्धा तिनं स्वतः नीट केले माझे.

येताना म्हणाली, "आई, तुमचे दात पण करून घेऊ. चावता आलं पाहिजे नीट."

पाच वर्षं मी हिरड्यांनी खाते. कुणी विचारलं नव्हतं. ह्यांचं म्हणणं खरं होतं, माणूस बाहेरून तुटक असलं तरी आत अस्तर मऊ असतं.

७ ऑक्टोबर, मंगळवार

ढब्बी पुन्हा बाळंत. या वेळी मी तयार होते. नातीनं फटीफटींची पेटी आणली होती, आई वर राहते आणि पिल्लं फटींतून खाली पडतात. तीस वाचली. ढब्बी वरून खाली बघत होती, फटीला तोंड लावून. तिला वाईट वाटत होतं की भूक लागली होती, कुणी सांगावं.

सप्टेंबरातली सव्वीस मात्र बघण्यासारखी झालीत. पोटं टच्च. दोन मेली, उरली चोवीस.

११ ऑक्टोबर, शनिवार

चोवीस पाठवली, चिठ्ठीसकट. मुलगा म्हणाला, "आई, सगळी चांगली चांगली कशाला देतेस?" म्हटलं, देताना चांगलंच द्यावं, उसवलेलं द्यायला मी काही अशी तशी शिंपीण नाही. तो बघत राहिला माझ्याकडे. मग पिशवीला गाठ मारली आणि गेला.

डॉक्टरांचा निरोप आला: एकदम छान, अशीच पाठवा.

दिवसभर गुणगुणत होते.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

सुनेनं माझ्यासाठी चार नवे गाऊन आणले, दोन स्वेटर, सहा जोड मोजे, एक टॉवेल. एवढे कपडे लग्नातसुद्धा एकदम मिळाले नव्हते. प्रत्येकाला कडेला, गाऊनला गळ्याशी, आतून पांढरी पट्टी शिवलीय, तिच्यावर माझं नाव आणि पुढं ३१.

म्हटलं, एकतीस काय?

"धुवायला टाकले की मिसळत नाहीत," ती म्हणाली आणि कुकर बघायला उठली. आपल्याकडे कुकर तर केव्हाच उतरला होता. लाँड्रीवाल्याचा नंबर असणार. आजवर तो घरी आलेला बघितला नाही, पण आता लावला असेल.

टाके बघितले आणि हसू आलं. नोकरी करणारी पोरगी, तिला काय येणार. नुसते कच्चे टाके, दोन धुण्यांत पट्टी गळून पडली असती. सगळे उसवले आणि बारीक बारीक टाक्यांनी पुन्हा शिवले. चार गाऊन, दोन स्वेटर, सहा जोड मोजे, टॉवेल. दुपार कशी गेली कळलं नाही. मुकादम काचेला तोंड लावून बघत होता, त्याला म्हटलं, बघ, याला म्हणतात काम.

सुनेला दाखवलं. तिनं पट्टीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "आई, तुम्ही कशाला…" आणि गाऊनच्या घड्या घालायला लागली. जीव लावते, दाखवता येत नाही.

नात आजकाल खोलीत येत नाही. परीक्षा असेल. दारातून विचारते, "मासे बरे आहेत?" आणि मी मान वर करीपर्यंत गेलेली असते.

२० ऑक्टोबर, सोमवार

दाताचं माप द्यायला खाली गेले. हा दवाखाना मार्चपासून पहिल्यांदाच आतून बघितला, गुडघ्यामुळे आणि लिफ्टच्या बटणांच्या धाकानं मी एकटी खाली जात नाही. तोंडात थंडगार मेणासारखं काहीतरी भरतात आणि चावून धरायला सांगतात. आयुष्यभर लोकांची मापं घेतली, पण तोंडाचं माप प्रथमच दिलं.

टाकी बघितली. भिंतभर आहे. पण तिच्यात एकच मासा. हातभर लांब, चांदीच्या पत्र्यासारखा, खालचा जबडा पुढं आलेला. दाताच्या डॉक्टरांकडे राहून जबड्याची ही गत, म्हटलं तर सून हसली नाही. माझी पोरं कुठं दिसेनात. काउंटरवर एक पन्नाशीच्या बाई बसतात, त्यांना विचारलं, बाई, लहान मासे वेगळे ठेवता का? बरोबरच आहे, लहान मुलांना मोठ्यांत कोण झोपवतं.

त्यांनी आधी सुनेकडे बघितलं. मग खालचा खण उघडला. माझ्या तिन्ही चिठ्ठ्या तिथं होत्या, घडी घालून. "तुम्ही लिहिता ना या? मी जपून ठेवल्यात."

मला इतका आनंद झाला. म्हटलं, मग त्या लाजऱ्याला बाजूला घातलंत का?

बाईंनी चष्मा काढला. "आजी," म्हणाल्या, "इतका जीव नका लावू. नका पाठवत जाऊ इतकी." तेवढ्यात सुनेनं माझा दंड धरला आणि लिफ्ट आलीय म्हणाली.

माझ्यावर बोजा नको म्हणून बोलल्या असणार. भल्या बाई आहेत.

३ नोव्हेंबर, सोमवार

दोन आठवडे पाणी, बलक, चिमूट. लिहिण्यासारखं काही नाही. तीसच्या तीस पिल्लं गुबगुबीत झालीत. शनिवारी दात बसवायचे आहेत, तेव्हा मी स्वतःच घेऊन जाणार आहे. मुलगा म्हणाला, मी नेतो ना. म्हटलं, नाही, माझी पोरं नव्या घरी कशी रमतात ते एकदा तरी बघू दे मला. तो आणि सून एकमेकांकडे बघत राहिले. "तू दवाखान्यात नुसती बरणी ठेव आणि ये," तो म्हणाला. "डॉक्टर नंतर सोडतात."

८ नोव्हेंबर, शनिवार

लिहायलाच हवं. नातीनं रोज लिही म्हणून सांगितलंय.

दात बसवले. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास बोलायचं नाही, तोंड मिटून ठेवायचं, हिरड्यांना सवय होऊ दे. सून बाहेर फोनवर बोलत होती. बरणी मी मांडीवर घेऊन बसले होते, सोबत चिठ्ठी: "सगळी गुणी आहेत. भांडत नाहीत."

बसलेल्यांत दोन लहान मुलं होती, गाल सुजलेली, रडवेली. डॉक्टर बाहेर आले. चांगला हसरा माणूस. मुलांना म्हणाले, "या, राजाला जेवताना बघायचं का?" आणि माझ्याकडे हात पुढं केला. मी बरणी दिली. माझ्याच हातानं दिली.

त्यांनी झाकण काढून थोडी थोडी ओतली. तो चांदीचा पत्रा नुसता वळला. आवाज झाला नाही. पाच गेली. मुलं रडायची थांबून टाळ्या पिटायला लागली. मी थांबा म्हणणार होते, पण तोंडात ते नवे दात, जीभ कुठं ठेवू कळेना, नुसता घोगरा आवाज आला. डॉक्टर म्हणाले, "बघा आजी, कसा ओळखतो आता. तुमच्याकडची म्हणजे मेजवानी असते त्याची. दुकानातली नुसती काटकुळी मिळतात. अंडं घालता ना? राजाच्या अंगावर बघा किती तेज आलंय."

आणखी सहा गेली.

मी उठून बरणी ओढून घेतली. अर्धं पाणी माझ्या अंगावर सांडलं. डॉक्टरांचा हात तसाच वर राहिला. "तुम्हाला माहीत नव्हतं?" म्हणाले. "तुमच्या मुलानं तर पहिल्याच दिवशी विचारलं होतं, तुमचा मासा जिवंत खातो ना म्हणून."

काउंटरवरच्या बाई खाली मान घालून पावती लिहीत होत्या.

एकोणीस परत आणली. अकरा गेली. आधीची दहा, बारा आणि चोवीस. सत्तावन्न. बलक मीच घातला.

मुलगा आला तेव्हा दात काढून वाटीत ठेवले होते. मी वाटीकडे बोट दाखवलं आणि म्हटलं, चांगले झालेत. त्याला सगळं कळलं होतं, सुनेनं सांगितलं असणार.

"आई, मासेच ते. खाली नाही तर मोरीत गेले असते. तुला बरं वाटावं म्हणून तसं सांगितलं."

"आणि चिठ्ठ्या?"

"त्या मी रोज… म्हणजे दर वेळी दिल्या." मग म्हणाला, "तू सांगितलं होतंस द्यायला."

लहानपणी मारल्यावर असाच उभा राहायचा.

९ नोव्हेंबर, रविवार

दुपारी मुलगा माझ्या पलंगावर येऊन बसला. दोन महिन्यांत दुसऱ्यांदा. सून दारात उभी. नातीला मैत्रिणीकडे पाठवलं होतं.

मुलगा हातातल्या किल्ल्यांशी खेळत म्हणाला, शहराबाहेर एक जागा बघितलीय. नातीची पुढच्या वर्षी मोठी परीक्षा, तिला खोली लागणार. आम्ही दोघं दिवसभर बाहेर, तू एकटी पडलीस आणि पाय घसरला तर? तिथं चोवीस तास नर्स असते. बाग आहे. जागा मिळणं फार कठीण, चालती फिरती आणि हातानं जेवणारी माणसंच घेतात, पण तुझा तपासणीचा कागद उत्तम आला.

"मोठी जागा आहे आई, मजेत राहशील. तुझ्यासारखीच खूप जणं असतात तिथं. आणि लांब कुठंय? हवं तेव्हा आम्ही येऊन जाऊ."

मी ऐकत होते. मला वाटलं हे मी ऐकलंय. नुसतं ऐकलेलं नाही, लिहिलंय. ते दोघं बसलेले असतानाच ही वही काढली आणि पानं मागं उलटली. १३ सप्टेंबर. वही त्याच्या मांडीवर ठेवली, ओळीवर बोट ठेवलं.

त्यानं वाचलं. बराच वेळ वाचत होता, ओळ तर एवढीशीच आहे.

"आई, तसं नाहीये," तो म्हणाला.

"पलंग कुठं आहे माझा?"

"खिडकीपाशी," सून दारातून म्हणाली. "एकतीस नंबर."

मी उठून कपाट उघडलं. वरचाच गाऊन घेऊन गळा उलटा केला. पट्टी हातानं ओढून बघितली. हलली नाही. टाके माझेच होते.

११ नोव्हेंबर, मंगळवार

ढब्बीचे दिवस या खेपेला लांबले होते. आज सकाळी बाळंत झाली. फटींची पेटी वर फळीवरच होती, हात पुरत होता. काढली नाही. गाळणीही आणली नाही. खुर्ची टाकीसमोर ओढून बसले.

तिनं किती खाल्ली ते मोजलं नाही, संध्याकाळी एकही उरलं नव्हतं. पहिल्यांदाच तिचा राग आला नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

तिथं मासे चालत नाहीत. कुत्रं, मांजर, पक्षी, मासे, काहीच नाही. छापील यादी आहे. मुलगा म्हणाला, मग टाकीचं बघू काहीतरी. म्हटलं, काय बघणार?

मी एकटीनं लिफ्टचं बटण दाबलं. खाली गेले. डॉक्टर जेवायला गेले होते. काउंटरवरच्या बाईंना म्हटलं, सत्तावीस आहेत, एकोणीस छोटी आणि आठ मोठे. तुम्ही नेता का घरी?

"नेते," त्या लगेच म्हणाल्या.

"टाकी आहे?"

"आहे."

"दाखवा," म्हटलं. पूर्वी मी असं कुणाला म्हटलं नसतं.

त्यांनी फोनमध्ये फोटो दाखवला. ओट्याच्या कोपऱ्यात काचेचं चौकोनी भांडं, दीड वीत लांब, त्यात एक हिरवी फांदी आणि काठावर वाळत घातलेलं भांडी पुसायचं फडकं. जागा अगदी लहान. लहान आहे म्हणून माझा विश्वास बसला.

"एवढी मावायची नाहीत," त्या म्हणाल्या, "पण बहिणीकडे आणखी एक आहे. वाटून घेऊ. चिठ्ठी लिहून द्या."

"आता काय लिहू. सकाळी चिमूट, संध्याकाळी चिमूट. भुकेली दिसतात, पण फसायचं नाही."

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

बाई संध्याकाळी बादली घेऊन आल्या. नवरदेव सापडेना, झाडामागं लपला होता. ढब्बी स्वतःहून जाळीत आली. त्या गेल्यावर नात आली. सहा आठवड्यांनी आत आली. रिकाम्या टाकीसमोर उभी राहिली, मोटर अजून चालू होती.

"आजी, मला सप्टेंबरपासून माहीत होतं. दोन्ही."

"मला वाटलं परीक्षा होती."

"आई म्हणाली, तुला सांगितलं तर तू रडशील."

"रडले का मी?"

तिनं मान हलवली आणि तीच रडली. तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग म्हटलं, मोटर बंद कर, उगीच चालतेय. तिनं केली. खोली एवढी शांत कधीच नव्हती. पलीकडून मुलगा खोकला.

१५ नोव्हेंबर, शनिवार

बॅग भरून झाली. मुलगा गाडी काढायला गेलाय. हे शेवटचं पान, पुढं नातीचं गणित लागतं. वही तिची, तिच्याकडेच ठेवते. एवढा कागद मात्र फाडून नेते, तिथल्या नर्सला द्यायला. काउंटरवर कुणीतरी जपून ठेवणारं असेल, नसेल.

"क्रमांक ३१. स्वभावानं बडबडी आहे. रागावू नये. दात नवे आहेत, खायला वेळ लागतो, ताट लवकर उचलू नये. सुईदोरा दिल्यास शांत बसते. डावा गुडघा दुखतो. तब्येत चांगली आहे, मुद्दाम चांगली करून पाठवली आहे."